प्लास्टरचा वार, बुडालेला रोज

"पाय सरळ व्हायलाय ना, दाजी? मग मधेच सोडायचं कारण काय?" मेव्हण्याने विचारलं. "प्लास्टरला पैसे लागत नाहीत, डॉक्टरला लागत नाहीत. कुणी मागितलेत का तुमच्याकडं?"

"मागितले न्हाईत कुणी," दाजी म्हणाले. "पण गेले ते माझेच ना, पाव्हणं."

मेव्हणा डी. फार्म. झालेला, जिल्ह्याच्या गावी औषधाच्या दुकानात कामाला. दाजी बीडच्या डोंगरपट्ट्यातले, दरसाल ऊसतोडीला जाणारे. पोरगं भाद्रपदात झालं. दोन्ही पावलं आत वळलेली, टाचा वर ओढलेल्या, तळवे एकमेकांकडे तोंड करून. चार प्लास्टर झाली, पाचवं पुढच्या आठवड्यात, आणि मुकादमाची गाडीही त्याच आठवड्यात गावात लागणार. असे दाजी-मेव्हणे बीड, जालना, अहिल्यानगरच्या कितीतरी घरांत सापडतील. एकाला उपचार दिसतो, दुसऱ्याला त्या उपचाराभोवतीचा खर्च. दोघांतलं कुणीच खोटं बोलत नाही, म्हणून हा वाद चार दिवसांत मिटतही नाही.

ज्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात तो जन्मजात वाकडा पाय दुर्मीळ नाही. साधारण हजार बाळांमागे एकाला तो असतो. मुलींपेक्षा मुलग्यांत जवळजवळ दुपटीने आढळतो आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. नेमकं कारण बहुतेकदा सापडत नाही. काही घरांत तो पिढीतून पिढीत येतो. ग्रहणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. तरीही दाजींच्या घरी पहिला ठपका बाळाच्या आईवरच आला. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, त्या वेळी विळीवर भाजी चिरली, असं सासूबाई अजून म्हणतात. मग तेल चोळणं झालं, अंगारा झाला. आशाताई घरी आल्या, त्यांनी बाळाचं पाऊल हातात घेऊन पाहिलं आणि जिल्ह्याला पाठवलं, तेव्हा कुठे गाडी मार्गाला लागली.

"त्या तेला-अंगाऱ्यात दोन हप्ते गेले, ते कुणामुळं?" मेव्हणा हा मुद्दा सोडत नाही. "तेच दोन हप्ते आज हातात असते, तर आठवड्याची सगळी प्लास्टर गाडी लागायच्या आत उरकली असती."

दाजींकडे याला उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "चुकलंच ते."

मेव्हण्याचा भरवसा ज्या पद्धतीवर आहे तिच्यामागे एका माणसाचं सगळं आयुष्य आहे. इग्नासिओ पोन्सेटी १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींची हाडं बसवली, पराभवानंतर फ्रान्समार्गे मेक्सिको गाठलं आणि १९४१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ते रुजू झाले. मोठी शस्त्रक्रिया करून सरळ केलेले पाय पुढे ताठर होतात, दुखतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. तान्ह्या बाळाचं पाऊल मऊ असतं; ते हळूहळू फिरवत न्यायचं आणि प्रत्येक टप्प्यावर प्लास्टरने धरून ठेवायचं, ही त्यांची रीत. १९६३ साली त्यांनी ती छापून मांडली, पण जगाने तिच्याकडे वळायला पुढची तीसेक वर्षं घेतली. विशेष म्हणजे जगाला तिच्याकडे वळवण्यात डॉक्टरांइतकाच पालकांचा हात होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्यांच्या मुलांचे पाय शस्त्रक्रियेविना सरळ झाले, ते आईवडील एकमेकांना सांगत सुटले. २००४ मध्ये आयोवाच्या डॉक्टरांनी १५७ मुलांच्या २५६ पावलांचा हिशेब प्रसिद्ध केला, त्यात ९८ टक्के पावलं सरळ झाली होती. पोन्सेटी २००९ साली गेले. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, आज जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

प्लास्टरच्या दिवशी काय चालतं ते जवळून पाहिलं की ही पद्धत किती साधी आणि किती नाजूक आहे ते कळतं. आई बाळाला मांडीवर घेऊन पाजत असते, म्हणजे पाय ढिला राहतो. डॉक्टर एका अंगठ्याने घोट्याच्या पुढच्या बाजूचं हाड चाचपून तिथे आधार देतात आणि दुसऱ्या हाताने पाऊल बाहेरच्या बाजूला हलकेच नेतात. टाचेला हात लावून ओढायचं नाही, हा नियम. मग कापूस, त्यावर ओलं प्लास्टर, बोटांपासून थेट जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. बोटं मात्र उघडी ठेवतात. घरी गेल्यावर आईने दिवसातून अनेकदा बोट दाबून पाहायचं. दाबल्यावर पांढरं झालं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी झालं तर ठीक. निळसर पडलं, सुजलं, किंवा बोटं प्लास्टरच्या आत गेली तर तसंच उठून दवाखाना गाठायचा. अशी पाच-सहा प्लास्टर, दर आठवड्याला एक. शेवटी बहुतेक बाळांच्या टाचेमागची ताठ शीर एका बारीक छेदाने मोकळी करतात, त्यासाठी तेवढीच जागा बधिर केली तरी पुरतं. त्यानंतरचं प्लास्टर तीन आठवडे, तेवढ्यात शीर पुन्हा जुळून येते.

"आता तुम्हीच मोजा," दाजी म्हणाले. "सहा हप्ते सहा चकरा, शीर सोडवायची एक, पुढं प्लास्टर काढून बूट बसवायची एक. झाल्या आठ. एकटी बाई पोराला काखेत घेऊन दोन एस्ट्या बदलत जाईल व्हय? मग मलाबी जावं लागतं. दोघांचा रोज गेला."

हिशेब मोजण्यासारखा आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. दोघांचे ६२४, आठ चकरांचे ४,९९२. एसटी, चहा, वडापाव आणि शेवटची गाडी चुकली तर रात्रीचा मुक्काम यात धरलेला नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तेवढा आईचा भार हलका झाला, बापाचं तिकीट पुरंच. आणि हा झाला कमीत कमी दराचा हिशेब. हंगाम लागल्यावर तो बदलतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये ठरला. जोडीने दोन टन तोडला तर ७३२ रुपये. फड सोडून गेलं तर हे बुडतातच, वर अनेक टोळ्यांत खाड्याचे (गैरहजेरीचे) पाचशे उचलीतून (आगाऊ घेतलेल्या रकमेतून) कापले जातात.

मेव्हणा वैतागला. "पाच हजारांसाठी पोराचा पाय? बचत गटातून काढा, मी देतो, कुणाकडून तरी घ्या. पोरगं लंगडं झालं तर आयुष्यभर किती बुडेल त्याचा हिशेब मांडलाय का?"

"मांडलाय. म्हणून तर चार प्लास्टर केली. पण घेतलेलं फेडायचं असतंय, पाव्हणं. पहिली उचल फिटली नाही, त्यात तुमच्या बहिणीच्या बाळंतपणाचं देणं. सावकार शेकडा तीननं देतो. दहा हजार घेतले तर महिन्याला तीनशे नुसतं व्याज."

म्हणजे वर्षाला ३,६०० आणि मुद्दल जागच्या जागी. उपचाराचा खर्च एकदा झाला की संपतो, त्यासाठी घेतलेलं कर्ज संपत नाही. घराच्या खिशातून आरोग्यावर होणाऱ्या खर्चाचा देशातला वाटा २०१३-१४ मधल्या ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला, हे सरकारी आकडे दिलासा देणारे आहेत. पण त्या खर्चात तिकीट धरलं तरी बुडालेला रोज धरत नाहीत. क्लबफूटमध्ये तर घर मोडतं ते या रोजापायीच. औषध जवळजवळ नाहीच, यंत्रं नाहीत, मोठी शस्त्रक्रिया नाही. आहेत ते दिवस, आणि मजुराकडे विकायला दिवसच असतात.

खरी ओढाताण मात्र प्लास्टर संपल्यावर सुरू होते. सरळ झालेलं पाऊल पुन्हा वळू पाहतं, म्हणून दोन बूट एका दांडीला जोडलेले घालावे लागतात. एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांना. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री आणि दुपारच्या झोपेत. इथे मेव्हण्याचं बोलणं कडक होतं, आणि व्हायलाच हवं.

"बुटात सूट नाही, दाजी. पोरगं दोन-तीन रात्री रडतं, मग सवय होते. घरच्यांना दया येते, आजी बूट काढून ठेवते, आणि सहा महिन्यांनी पाऊल परत आत. मग पहिल्यापासून प्लास्टर. तरीही नाही जमलं तर शस्त्रक्रिया."

त्याच्या बोलण्याला आधार आहे. पाय पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट न वापरणं, हे आयोवाच्या त्याच अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासाने त्यात पालकांच्या कमी शिक्षणाची भर घातली. या निष्कर्षांचा आधार घेऊन 'पालक ऐकत नाहीत' असा शेरा केसपेपरवर मारणं सोपं जातं. बूट का निघाले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

दाजींनी ते न विचारता सांगितलं. "कोपीत या एकदा. रात्री तीनला गाडी भरायला उठावं लागतं. पोरगं फडाच्या कडेला लुगड्याच्या झोळीत. ती दांडी झोळीत मावत न्हाई, आडवी येते, पोरगं पालथं पडायला होतं. खाली ठेवावं तर पाचटात किडं-मुंग्या. बूट ओलं झालं तर वाळवायचं कुठं? तेवीस तास म्हणता. तिथं बघायला कोण बसणार?"

मेव्हणा या वेळी गप्प राहिला. तेवीस तासांचे ते तीन महिने पुरते हंगामात पडत होते. कारखान्यांची धुराडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाचं प्लास्टर गावात सुरू होतं आणि बुटांचे सगळ्यात महत्त्वाचे महिने दोन-तीनशे किलोमीटरवर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, काढावे लागतात. उपचाराचं वेळापत्रक आणि उसाचं वेळापत्रक एकमेकांना छेदतात. पालकांचं अज्ञान किंवा हलगर्जीपणा असेल तिथे असेल, पण या गाठीला ते कारण नाही.

"मग ताईला आमच्याकडं ठेवा," मेव्हण्याने तोडगा काढला. "आई आहे, दवाखाना जवळ आहे."

"आन् मी अर्धा कोयता जाऊ? उचल जोडीवर घेतलीय. अर्ध्या कोयत्यावर ती फिटायला दुसरा हंगाम लागंल."

मेव्हण्याचा तोडगा वाईट नव्हता, पण त्याची किंमत पुन्हा दाजींनीच मोजायची होती. इथवर दोघांचं ऐकल्यावर सरकार नेमकं कुठे उभं आहे ते पाहायला हवं, कारण ते गैरहजर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो महाराष्ट्रातच, पालघरला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, तीसेक प्रकारचे आजार आणि व्यंगं, आणि त्या यादीत वाकडा पाय आहे. पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात, नवजात बाळाला आशा घरी जाऊन पाहते, पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. बूट सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावेत म्हणून देशभर काम करणारी, पूर्वी क्युअर इंडिया म्हणून ओळखली जाणारी अनुष्का फाउंडेशनसारखी संस्था आहे. हे बूट महागच असावे लागतात असंही नाही. मिखिएल स्टीनबीक यांनी युगांडात स्थानिक चामडं आणि लोखंडी पट्टी वापरून दहा डॉलरच्या आत बसणारा बूट बनवून दाखवला. टाच खाली टेकली की नाही ते दिसावं म्हणून त्याला मागे भोकही ठेवलं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं संरक्षण आहे, पण अशी योजना मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असते, आठवड्याला येऊन जाणाऱ्याच्या प्रवासासाठी नव्हे. खासगीकडे गेलंच, तर धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

म्हणजे उपचार आहे, बूट आहेत, तपासणी आहे. नाही ती दिवसाची भरपाई. आणि ती देता येत नाही असंही नाही. आदिवासी भागात कुपोषित बाळाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून दरमहा रक्कम थेट खात्यात जाते. २०१८ मध्ये ती ५०० होती, पुढे १,००० झाली. औषध मोफत देऊन भागत नाही, रुग्णाला टिकून राहायला बळ लागतं, हे सरकारने तिथे मान्य केलंच आहे. मग प्लास्टरच्या सहा-आठ दिवसांची बुडीत मजुरी देण्यात अडचण कसली? हजारात एक बाळ, त्यातही मजुरांची. तिजोरीला हा खर्च जाणवणारही नाही. याच बाळाच्या हाडांची मोठी शस्त्रक्रिया पुढे दहाव्या वर्षी करावी लागली तर ती सरकारलाही महाग पडते आणि मुलालाही.

दुसरा उपाय डॉक्टरांच्या हातात आहे. प्लास्टर आठवड्यानेच बदललं पाहिजे असं नाही. मलावीत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही बाळांना आठवड्यात तीनदा प्लास्टर बदललं. निकाल नेहमीच्या पद्धतीच्या तोडीचा लागला आणि शीर मोकळी करण्याचा टप्पा सहा आठवड्यांऐवजी दोन-अडीच आठवड्यांत आला. दाजींसारख्या घराला हे वरदान ठरेल. बाळ आणि आई रुग्णालयात राहिली, जेवण तिथेच मिळालं, तर चकरा वाचतात आणि हंगामाच्या आत प्लास्टर उरकतं. त्यासाठी पहिल्या प्लास्टरच्या दिवशी एक प्रश्न विचारायला हवा, "तुम्ही गाव कधी सोडणार?" बीड, जालन्याच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न बाळाच्या वजनाइतकाच महत्त्वाचा आहे.

मेव्हण्याला हे पटलं. दाजींना अर्धं पटलं. "तीन हप्ते राहू," ते म्हणाले, "पण बुटाचं काय? कोल्हापूरकडं गेल्यावर तिथं कुणाला इचारायचं?"

"सीपीआरमध्ये, तिथल्या सरकारी दवाखान्यात, हाडांचा विभाग आहे. तिथं जा, हा कागद दाखवा."

"आन् खाडा?"

या प्रश्नाचं उत्तर मेव्हण्याकडे नाही, ते साखर कारखान्यांकडे आणि सरकारकडे आहे. कारखान्याला गाळपासाठी ज्यांचा कोयता लागतो त्यांच्या बाळाच्या तपासणीचा दिवस खाड्यात धरायचा नाही, एवढं मुकादमाला सांगायला नवा कायदा लागत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ राज्यात आहे. स्थलांतरित बाळांची यादी त्याने जिल्हा केंद्रांकडून घ्यावी आणि हंगामाच्या सुरुवातीलाच ज्या जिल्ह्यात टोळी उतरली तिथल्या पथकाला द्यावी. पथकाने महिन्यातून एकदा कोप्यांवर जाऊन बूट तपासावेत, लहान झाले असतील तर बदलून द्यावेत. आईला दवाखान्यात बोलावण्यापेक्षा बूट तिच्यापर्यंत नेणं स्वस्त आहे.

वाचकांनी मात्र आजच करण्यासारखी दोन कामं आहेत. नात्यात, शेजारी, कामावर येणाऱ्या बाईच्या घरी बाळाचं पाऊल आत वळलेलं दिसलं, तर तेल चोळत बसू देऊ नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच जिल्हा रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात पाठवा, आशाताईंना कळवा. आणि त्या घराला पैसे द्यायचे असतील तर व्याजाने देऊ नका, प्लास्टरच्या वारी त्यांचा रोज द्या. आठ वारांचा रोज वरच्या हमीच्या दराने दोन माणसांचा धरला तरी पाच हजारांच्या आतच बसतो.